न्यूज रील, फोगो बेट आणि माझी एक कॅसेट

आमच्या तालुक्याच्या गावी एकच टॉकीज होतं आणि तिथे सिनेमाला वेळेवर पोचायची कुणालाच घाई नसे. कारण आधी ‘डाक्युमेंट्री’ असायची. काळ्यापांढऱ्या पडद्यावर कुठलं तरी धरण, कुठला तरी पोलाद कारखाना, हार घातलेले पाहुणे, आणि मागून एक भारदस्त आवाज. तोवर लोक बाहेर शेंगदाणे घेत उभे असत. डोअरकीपर आतून ओरडे, "चला, इंडियन न्यूज संपली!" की मग सगळे बिड्या विझवून आत.

आम्ही पोरं मात्र आत बसून सगळं बघायचो. तिकिटाचे पैसे दिलेत तर पडद्यावर हललेलं प्रत्येक चित्र आपलंच, असा आमचा हिशोब. त्यामुळे १९७२ च्या दुष्काळातला एक खेळ मला चांगला आठवतो. तेव्हा आमच्याकडे खडी फोडायची कामं चालू होती, शाळेत सुकडी मिळत होती. पडद्यावर मात्र कुठल्या तरी दुसऱ्याच राज्यातल्या कालव्याचं उद्घाटन चाललं होतं. पाणी फेसाळत सुटलं आणि पुढच्या बाकांवरून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "आमची तीन हप्त्यांची हजेरी थकलीय, ती दाखवा की!" सगळं टॉकीज हसलं. माझे वडीलही हसले. आवाजवाला मात्र आपला पुढे बोलतच राहिला. त्याला ऐकू जाण्याचा प्रश्नच नव्हता.

ही गोष्ट मी आजवर अनेकदा गंमत म्हणून सांगितली आहे. अलीकडे सांगताना तितकीशी गंमत वाटत नाही. त्याचं कारण शेवटी येईल.

आधी त्या ‘डाक्युमेंट्री’बद्दल. ही सगळी चित्रं मुंबईतून, पेडर रोडवरच्या फिल्म्स डिव्हिजनमधून निघत. ही संस्था १९४८ साली सुरू झाली. पण थिएटरवाल्यांनी सरकारी चित्रं सक्तीने दाखवायची, ही कल्पना इंग्रजांची. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, भारत संरक्षण नियमांखाली ती सक्ती आली. युद्ध संपल्यावर गेली, आणि स्वातंत्र्यानंतर आपणच ती परत आणली. थिएटरच्या परवान्यातच अट असे: प्रत्येक खेळाला २,००० फुटांपर्यंत, म्हणजे साधारण वीसबावीस मिनिटांची, मान्यताप्राप्त फिल्म दाखवायची. त्याबद्दल थिएटरने सरकारला भाडं द्यायचं, ते निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत. म्हणजे सरकार जे सांगणार ते ऐकायचं, आणि ऐकण्याचे पैसेही आपणच भरायचे! जगात इतकी मोठी ‘प्रेक्षकसंख्या’ असलेले माहितीपट दुसरे कुठे असतील असं मला वाटत नाही. त्यातले किती प्रेक्षक शेंगदाणे खात बाहेर उभे होते, याची नोंद कुठल्याच फाइलीत नसणार.

फिल्म्स डिव्हिजनची टिंगल करणं सोपं आहे, आणि मी बऱ्यापैकी केलीही आहे. पण तिथे फार चांगली माणसं होती. १९६५ ते ६७ या काळात इंदिरा गांधी माहिती-प्रसारण मंत्री असताना (आणि पुढे पंतप्रधान झाल्यावरही) जाँ भावनगरी नावाचे गृहस्थ तिथे सल्लागार होते आणि त्यांनी दिग्दर्शकांना बराच मोकळा हात दिला. एस. एन. एस. शास्त्री यांचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ त्यातलाच. स्वातंत्र्याबरोबर जन्मलेल्या, विशीतल्या मुलामुलींना कॅमेऱ्यासमोर बसवून विचारलं, तुम्हाला काय वाटतं? आणि ती मुलं सरळ बोलली. कुणाला देशाबद्दल फार प्रेम होतं, कुणाला अजिबात नव्हतं. साल १९६७. सरकारी पैशाने काढलेल्या फिल्ममध्ये नागरिक सरकारच्या समोर मनातलं बोलतोय, हे तेव्हा केवढं मोठं असेल. आजही ती फिल्म बघताना बरं वाटतं.

पण त्या मुलांना उत्तर कुणी दिलं? कुणीच नाही. बोलणं फिल्ममध्ये आलं, फिल्म डब्यात गेली. ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ ही कलाकृती म्हणून मोठी आहे. संवाद म्हणाल तर अर्धाच.

योगायोग असा की उरलेला अर्धा भाग त्याच साली, १९६७ मध्येच, जगाच्या दुसऱ्या टोकाला चालू होता. आणि दोन्हीचं घराणंही एकच. कॅनडाचं नॅशनल फिल्म बोर्ड १९३९ साली जॉन ग्रिअर्सन या स्कॉटिश माणसाने उभं केलं. सरकारने माहितीपट काढून नागरिक घडवावा, हा त्याचाच विचार. आपली फिल्म्स डिव्हिजनही याच विचारावर वाढली. तर ग्रिअर्सनच्या त्या बोर्डाने १९६७ साली ‘चॅलेंज फॉर चेंज’ नावाचा उपक्रम सुरू केला, आणि त्यातलं पहिलं गाजलेलं काम झालं फोगो नावाच्या बेटावर.

फोगो म्हणजे न्यूफाउंडलंडच्या ईशान्य किनाऱ्यालगतचं एक खडकाळ बेट. माणसं पाचेक हजार, विखुरलेल्या दहाएक वस्त्या. कित्येक पिढ्यांचा धंदा एकच, कॉड मासा धरायचा, खारवून वाळवायचा आणि व्यापाऱ्याला द्यायचा. न्यूफाउंडलंड कॅनडात सामील झालं ते १९४९ साली, म्हणजे आपल्या संस्थानांच्या नंतर. किनाऱ्यावरच्या शेकडो छोट्या वस्त्यांना रस्ता, शाळा, दवाखाना देणं परवडत नाही, म्हणून तिथल्या सरकारने ठरवलं की माणसंच हलवायची. १९५४ ते १९७५ या काळात सुमारे ३०,००० लोक आपली गावं सोडून दुसरीकडे गेले, जवळजवळ तीनशे वस्त्या मोडल्या. काहींनी तर आपली लाकडी घरं समुद्रावर तरंगवत ओढून नेली. धरणग्रस्तांच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्यासारख्या माणसाला हे फारसं परकं वाटू नये. आपल्याकडे पाणी गावावर आलं, तिकडे गाव पाण्यावरून गेलं, एवढाच फरक.

फोगोवर १९६७ साली निम्म्याहून जास्त लोक सरकारी मदतीवर जगत होते. आता या बेटाचा नंबर, असं सगळेच धरून चालले होते. बेटावर एक सुधारणा समिती होती, पण गावागावांत बोलणं नव्हतं. कॅथलिक गाव वेगळं, प्रॉटेस्टंट गाव वेगळं, त्यातही पंथ वेगवेगळे. त्यांचे नोकरशाहीशी संबंध म्हणजे फॉर्म आणि पत्रं. मंत्री तिथून दूर सेंट जॉन्सला, आणि मध्ये समुद्र.

इथे डोनाल्ड स्नोडेन नावाचा माणूस येतो. तो मेमोरियल विद्यापीठाच्या विस्तार विभागाचा संचालक होता. आपल्याकडच्या कृषी विद्यापीठांत जसा विस्तार विभाग असतो, साधारण तसाच. १९६५ साली तिकडे गरिबीवर एक मोठा सरकारी अहवाल निघाला होता. त्यात गरिबी म्हणजे उत्पन्नाचे आकडे, एवढंच. स्नोडेनला ते खटकलं. किनाऱ्यावरच्या माणसाची गरिबी म्हणजे माहिती न मिळणं, आपलं म्हणणं पोचवता न येणं, हे त्याचं म्हणणं. फिल्म बोर्डाकडून कॉलिन लो हा दिग्दर्शक आला आणि त्याच्या जोडीला विद्यापीठाचा फ्रेड अर्ल हा क्षेत्रीय कार्यकर्ता, जो मूळचा त्या बेटावरचाच. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा माणूस हाच. कॅमेरे काय, भाड्यानेही मिळतात. कुठल्या घरात कुठल्या वेळी जायचं, हे माहीत असणारा माणूस भाड्याने मिळत नाही.

लो आला तो नेहमीसारखा एक माहितीपट करायचा म्हणून. एक विषय, त्यावर दहा माणसं, याचं एक वाक्य, त्याचं एक वाक्य, कापून जोडलेलं. तसं केलं की काय होतं ते त्याच्या लवकरच लक्षात आलं. एकाने एक म्हणायचं आणि लगेच दुसऱ्याचं उलट वाक्य जोडायचं, की पहिला माणूस हास्यास्पद दिसतो. शहरातला प्रेक्षक हसतो. पण इथे प्रेक्षक गावातलाच असणार होता आणि त्या माणसाला उद्या त्याच धक्क्यावर होडी लावायची होती. म्हणून लोने जोडाजोड सोडली. एक फिल्म म्हणजे एक माणूस, किंवा एक बैठक, किंवा एक लग्न. पाच मिनिटं असो की वीस, त्याचं त्याने सांगावं. अशा पंचवीसच्या वर छोट्या फिल्म्स झाल्या, एकूण सहाएक तासांच्या. एकीत एक माणूस मोठी मासेमारी बोट बांधतो आहे. एकीत नुसती मुलं खेळताहेत. एकीत एक मच्छीमार आता बेट सोडून टोरांटोला चाललाय आणि जाता जाता सरकारने काय चुकवलं ते शांतपणे सांगतोय.

मग ह्या फिल्म्स दाखवल्या. पण आधी कुणाला? ज्याची फिल्म त्याला. नको असेल तो भाग काढायचा हक्क त्याचा. मग त्याच्या गावाला, मग शेजारच्या गावांना. प्रोजेक्टर खांद्यावर घेऊन शाळेत, चर्चच्या हॉलमध्ये. फिल्म संपली की दिवे लावायचे आणि बोलायला वेळ ठेवायचा. समोरासमोर बसून एकमेकांशी कधी न बोललेली गावं पडद्यावरच्या माणसाचं निमूट ऐकून घेत होती, कारण पडद्यावरच्या माणसाला मध्येच तोडता येत नाही. (हा गुण मला घरच्या वादांतही फार उपयोगी पडेल असं वाटतं.)

लोकांची संमती मिळाल्यावर मगच त्या फिल्म्स सेंट जॉन्सला गेल्या, मंत्र्यांपुढे. टोरांटोला निघालेल्या त्या मच्छीमाराचं बोलणं सरकारला बोचणारं होतं, विद्यापीठातल्या लोकांना धाकधूक होतीच. पण ती दाखवली गेली. आणि पुढे जे झालं त्यासाठी मी एवढं सगळं लिहितो आहे: मत्स्यखात्याच्या मंत्र्यांनी उत्तर दिलं, तेही कॅमेऱ्यासमोर बसून. मच्छीमारांच्या तक्रारींवर त्यांचं म्हणणं चित्रित केलं गेलं, आणि तो रिळाचा डबा परत बेटावर आला. त्याच हॉलमध्ये, त्याच लोकांनी, आपल्या मंत्र्याला आपल्या प्रश्नांना उत्तर देताना पाहिलं.

त्या परतलेल्या डब्याला मी फार मानतो. जाताना फिल्म नेणं हे काम कुठलीही संस्था करते. येताना आणणं कठीण. उत्तर चित्रित झालं की ते नाकारता येत नाही. साहेब बदलून गेले तरी रीळ राहतं. पत्राला ‘आपले पत्र मिळाले, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे’ असं उत्तर देता येतं. हेच वाक्य कॅमेऱ्यात बघून, समोर मच्छीमार आहे असं समजून, म्हणून बघावं कुणीतरी. जीभ अडखळते.

पुढे फोगो हललं नाही. लोकांनी सहकारी संस्था काढली, बोटी बांधणं आणि मासे प्रक्रिया आपल्या हातात घेतली. १९९२ साली कॉडच्या मासेमारीवर बंदी आली, त्या तडाख्यातूनही बेट आणि संस्था टिकली. याचं सगळं श्रेय फिल्म्सना द्यायचा मोह अनेकांना झाला आहे. मला तो होत नाही. समिती आधीपासून होती, सहकाराचं बोलणं आधीपासून होतं. आणि किती झालं तरी कॅमेरा बाहेरच्यांच्या हातात होता, काय चित्रित करायचं ते त्यांनीच बघितलं. पण बेटावर गावं एकमेकांशी बोलू लागली, आणि सरकारला लोकांचे चेहरे दिसले, एवढं त्याने नक्की झालं.

फोगोचं सगळं काम १६ मिलिमीटर फिल्मवर झालं होतं. फिल्म धुवायला पाठवायची, आठवडे जायचे. त्याच सुमाराला सोनीचा ‘पोर्टापॅक’ आला, खांद्याला लटकवायचा रेकॉर्डर आणि हातात कॅमेरा. चित्रण केलं की तिथल्या तिथे टेप मागे फिरवून दाखवता येई. १९६९ साली माँट्रियलच्या सेंट-जॅक या गरीब वस्तीत तिथल्या नागरिक समितीच्याच हातात व्हिडिओ दिला गेला. लोक रस्त्यावर एकमेकांना प्रश्न विचारू लागले आणि संध्याकाळच्या सभेत तेच दाखवू लागले. मध्यस्थ दिग्दर्शकाची गरज कमी झाली. स्नोडेनच्या विभागानेही पुढे व्हिडिओच वापरला, आणि ही ‘फोगो पद्धत’ तो देशोदेशी सांगत फिरला. भारतातही आला. १९८४ साली इथेच, कामावर असताना, त्याचं निधन झालं.

भारतात तोवर काय चाललं होतं? आपण एकदम आकाशातच गेलो होतो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष नासाने आपला एटीएस-६ हा उपग्रह वापरायला दिला आणि सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सरळ उपग्रहावरून टीव्ही दिसू लागला. हाच तो ‘साइट’ प्रयोग. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची दहा फुटांची छत्री आणि तिच्याखाली सगळं गाव. विक्रम साराभाईंनी १९६९ साली नासाशी करार केला. प्रयोग बघायला ते राहिले नाहीत. तो प्रत्यक्ष चालवणाऱ्यांत आपले कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस प्रमुख होते, आणि मुलांच्या कार्यक्रमांमागे ‘एक अनेक और एकता’वाल्या विजया मुळे. महाराष्ट्रातलं एकही गाव त्यात नव्हतं, मराठी माणसं मात्र होती!

तंत्र म्हणून ‘साइट’ला तोड नाही. सुमारे ५०,००० शिक्षकांचं प्रशिक्षण त्यावरून झालं, ही साधी गोष्ट नाही. पण तारीख बघा. आणीबाणी लागून जेमतेम पाच आठवडे झाले होते. शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, सगळं वरून खाली येत होतं. खालून वर जायला एटीएस-६ मध्ये वाट नव्हती आणि त्या वर्षी देशातही नव्हती.

त्याच छत्रीखाली, खरं तर त्याच्या सावलीत, गुजरातेत खेडा जिल्ह्यात एक लहानसा प्रकार सुरू झाला. पीज नावाच्या गावी एक किलोवॅटचा बारका प्रक्षेपक. आवाका खेडा आणि आसपासच्या चारेकशे गावांपुरता. खेडा म्हणजे अमूलचा जिल्हा, त्यामुळे गावोगावी दूध मंडळी होतीच. टीव्ही संच बरेचदा तिथेच ठेवलेला. कार्यक्रम अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्रातले लोक करत, पण चरोतरच्या बोलीत, आणि पोर्टेबल व्हिडिओ घेऊन गावातच जाऊन. शेतमजुरीचे दर, अस्पृश्यता, सावकारी असे विषय त्यात आले आणि गावातल्या बड्यांना ते रुचले नाहीत, हे ओघानेच आलं. गावकऱ्यांच्या तक्रारी चित्रित करून संबंधित अधिकाऱ्यापुढे ठेवायच्या आणि त्याचं उत्तरही दाखवायचं, असंही तिथे होऊ लागलं. फोगोचा परतीचा डबाच हा, फक्त आता तो हवेतून यायचा. १९८४ साली या प्रकल्पाला ग्रामीण संवादासाठी युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. आणि त्यानंतर वर्षभरातच, १९८५ मध्ये, तो प्रक्षेपक तिथून हलवायचा निर्णय झाला! लोकांनी विरोध केला. टीव्ही जाऊ नये म्हणून खेड्यांनी भांडावं, हे मला त्या पुरस्कारापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र वाटतं. पण देशभर दूरदर्शनची मोठी प्रक्षेपण केंद्रं उभी राहत होती, दिल्लीचा कार्यक्रम घरोघर पोचायचा होता. चारशे गावांचा टीव्ही त्या नकाशात बसेना.

पुढे नोव्हेंबर १९९६ मध्ये मध्य प्रदेशातल्या झाबुआत इस्रोने पुन्हा एकदा प्रयोग केला. १५० गावांत बघायची सोय आणि १२ ठिकाणी उलट बोलायची सोय. १५० आणि १२. हे प्रमाण मला लक्षात ठेवावंसं वाटतं, आणि तरी ते १२ होते हेही.

अहमदाबादलाच १९८४ साली ‘सेवा’ संघटनेच्या वीस बायकांनी तीन आठवड्यांत व्हिडिओ शिकून घेतला. त्यांतल्या कित्येकींना लिहितावाचता येत नव्हतं. ‘झूम’, ‘फोकस’ हे शब्द मात्र त्यांनी भाजीच्या भावासारखे पाठ केले. त्यांची सुरुवातीची एक टेप माणेकचौकातल्या भाजीवाल्यांवर होती. पिढ्यान्‌पिढ्या तिथे बसणाऱ्या बायका, महापालिका त्यांना उठवत होती. टेप करणारीही भाजीवालीच. ती टेप पालिकेच्या अधिकाऱ्यांना दाखवली गेली. बायकांच्या मोर्च्यापुढे साहेब घाबरतात किंवा चिडतात. टीव्हीच्या पडद्यावर एक बाई त्यांच्याकडे बघून पंधरा मिनिटं बोलली तर खुर्चीत बसून ऐकतात. टेपला घाबरण्यासारखं काही वाटत नाही, म्हणूनही असेल.

हे सगळं मला वाचून कळलं ते फार उशिरा. त्याआधी मी स्वतःच एक ‘डाक्युमेंट्री’ केली होती.

१९९४ साली मी आणि माझा एक मित्र, आमचा व्हिडिओ शूटिंगचा धंदा होता. लग्नं, बारशी, गणपती. एका सरकारी खात्याकडून नळपाणी योजनेवर वीस मिनिटांचा माहितीपट करायचं काम मिळालं. कुठलं खातं, कुठला जिल्हा, ते सांगत नाही, आता सांगून काही उपयोग नाही. आम्ही हरखलो. एस-व्हीएचएस कॅमेरा भाड्याने आणला, रेडिओवरचा एक भारदस्त आवाज ठरवला. (हो, तोच. लहानपणी टॉकीजमध्ये ऐकला होता तसाच हवा होता आम्हाला.) पाच गावांत फिरून नवी टाकी, तोट्या, हसऱ्या बायका असं सगळं टिपलं.

त्यातल्या एका गावात नव्या नळकोंडाळ्यापाशी एक बाई कॅमेऱ्यासमोर येऊन उभी राहिली. चाळिशीची असेल. आम्ही बोलायला सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "सायब बघतील का ह्ये?" मी म्हटलं, "बघतील की. साहेबांसाठीच करतोय." मग ती बोलली. मी तीस वर्षं धरून चाललोय की ती विचारत होती, टाकी बांधली पण पाणी कधी येणार. काम अर्धवट होतं, तेव्हा दुसरं काय विचारणार?

कच्चं संकलन दाखवायला नेलं तेव्हा साहेबांनी ते पाहिलं. तिचा तुकडा आला तशी त्यांनी मान हलवली. "हे कशाला? चुकीचा संदेश जातो." काही रागावून नव्हे, अगदी सौजन्याने. चहा चालू होता. मी म्हटलं, हो सर, काढतो. आणि काढला. त्या जागी टाकीचा एक छान शॉट टाकला, सूर्यास्तासकट. बिल महिन्यात पास झालं, सरकारी कामात हे विशेषच. तेव्हा मला मोठा व्यावसायिक झाल्यासारखं वाटलं.

म्हणजे तिला मी दिलेला शब्द एका अर्थी खोटा नव्हता. साहेबांनी बघितलंच होतं. त्यांचं उत्तरही झालं होतं. फक्त ते तिच्यापर्यंत न्यायला कुणी गेलं नाही. मोटरसायकल माझ्याकडे होती, गाव तीस किलोमीटरवर होतं.

आता प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सरकारी कार्यालयांचे व्हिडिओ रोज फोनवर येतात, ड्रोनमधून घेतलेले, खाली ढोलताशा लावलेला. आमच्या एस-व्हीएचएसपेक्षा हजारपटीने देखणे. फिल्म्स डिव्हिजन एनएफडीसीत विलीन झाली, पण ते ‘भारदस्त आवाज’ काही बेकार झालेले दिसत नाहीत. उलट्या बाजूने लोकही खड्ड्यांचे व्हिडिओ काढून टाकतात, आणि कधी कधी दुसऱ्या दिवशी खड्डा बुजतोही. ते वाईट नाही. पण खड्डा का पडला होता, हे सांगायला कुणी त्या खड्ड्यापाशी येऊन उभं राहिलेलं मी अजून पाहिलेलं नाही.

काही महिन्यांपूर्वी जुन्या कॅसेट्स कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. निम्म्यांना बुरशी. लग्नाच्या कॅसेट्स बऱ्या राहिल्या होत्या, त्या कुणीच मागायला आलं नाही. पाणी योजनेची मूळ टेप, संकलनाच्या आधीची, निघेल असं वाटलं नव्हतं. निघाली. चित्र खरखरीत, आवाज मात्र स्वच्छ.

बाई येते. "सायब बघतील का ह्ये?" माझा आवाज, तरुण, जरा घाईतला: "बघतील की." ती बोलायला लागते, आणि दोन वाक्यं होतात न होतात तोच कॅमेरा तिच्यावरून उजवीकडे सरकतो, टाकीवर जातो, टाकीवर झूम होतो आणि तिथेच राहतो. कॅमेरा माझ्याच हातात होता. साहेबांचा अजून काही संबंधही आलेला नव्हता. टाकीच्या चित्रावर तिचा आवाज पुढे मिनिटभर चालू आहे.

मी हेडफोन लावून तो तीनदा ऐकला आणि लिहून काढला. पाणी कधी येणार, असं ती कुठेही विचारत नाही. ती म्हणते, "ह्या टाकीच्या जागी आमची हीर हुती. ग्वाड पानी हुतं. कंत्राटदारानं ती बुजवली. कुनाला इचारलं न्हाई. टाकी बांधा, आमचं काय म्हननं न्हाई, पर हीर का बुजवली, तेवढं सायबास्नी इचारा."